नेमून दिलेला सोबती

सोमवार, रात्री

आईने फोनवर आज पुन्हा तेच विचारलं, "त्या मुलाशी पटतं ना रे तुझं?" मी हो म्हटलं आणि विषय बदलला. इथे दुपारचे बारा वाजले होते, म्हणजे पुण्यात साडेनऊ, आणि तिला कामावर निघायचं होतं. घाईत सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून इथे लिहितो.

सोमवार हा आमचा, लॅटर-डे सेंट्स मंडळीच्या मिशनरींचा, पी-डे, म्हणजे तयारीचा दिवस. कपडे, बाजार, केस कापणं आणि घरी फोन. २०१९ च्या फेब्रुवारीपर्यंत मिशनरींना वर्षातून दोनदाच घरी फोन करता यायचा, नाताळला आणि मातृदिनाला. आता दर आठवड्याला बोलता येतं. आई समोर दिसते, तिच्यामागे आमचं स्वयंपाकघर दिसतं, आणि फोन ठेवल्यावर दहा मिनिटं काही सुचत नाही. सोबती, म्हणजे आई विचारते तो मुलगा, तेव्हा काही बोलत नाही. माझ्या वाट्याच्या शर्टांच्या कॉलरीही तोच घासून टाकतो.

सोबती टोंगाचा आहे. मी मराठी, तो टोंगन, राहतो फिलिपिन्समधल्या बिकोल भागात, नागा शहरात, आणि दिवसभर बोलतो टागालोगमध्ये. आपापसात इंग्रजी. आम्हाला एकमेकांना निवडायची मुभा नव्हती. कोण कुणाबरोबर आणि कुठल्या गावात, हे मिशनचे अध्यक्ष प्रार्थना करून ठरवतात, आणि साधारण दर सहा आठवड्यांनी बदली होऊ शकते. तोवर नियम असा की सोबती नजरेआड होऊ द्यायचा नाही आणि हाकेच्या बाहेर जाऊ द्यायचा नाही. एका खोलीत झोपायचं, एकत्र जेवायचं, एकत्र चालायचं. एकटं असायची जागा म्हणजे न्हाणीघर.

मला घरी स्वतःची खोली होती. घरून निघताना वाटलं होतं की कठीण जाणार ती भाषा, ऊन आणि लोकांचे नकार. सगळ्यात कठीण गेलं ते हे चोवीस तासांचं माणूस. आणि आता वाटतं, मिशनचं खरं शिक्षण यातच आहे.

मंगळवार

साडेसहाला उठलो, व्यायाम, आंघोळ, भात आणि सुकी मासळी. सुकी मासळी तळताना मला कोकणच आठवतं. मग शास्त्राचा अभ्यास, आधी एकट्याने, मग दोघांनी मिळून, आणि भाषेचा अभ्यास. बाहेर पडायचं ते दुपारच्या जेवणाआधी, परतायचं रात्री नऊपर्यंत, साडेदहाला दिवे बंद. कुणाला हे सैन्यासारखं वाटेल. मला या ठरलेपणाचा आधार वाटतो, कारण बाहेर काय होईल त्याचं काहीच ठरलेलं नसतं.

छातीवरच्या काळ्या पट्टीवर आमच्या मंडळीचं पूर्ण नाव असतं, द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स. लोक मॉर्मन म्हणतात. २०१८ मध्ये मंडळीचे तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी पूर्ण नावच वापरा म्हणून सांगितलं, आणि मला ते पटतं. दारात उभं राहताना छातीवर ख्रिस्ताचं नाव असणं ही मोठी गोष्ट आहे.

पण इथे माझा चेहरा त्या पट्टीच्या आधी पोचतो. फिलिपिन्समध्ये भारतीय माणसाला 'बुंबाय' म्हणतात आणि बुंबाय म्हणजे फाइव्ह-सिक्सवाला: पाच उसने घ्या, सहा परत करा. मोटारसायकलवर गल्लोगल्ली वसुली करत फिरणारे सावकार, बहुतेक पंजाबकडचे. बँकेत उभंही न केलं जाणाऱ्या भाजीवालीला तेच भांडवल देतात, म्हणून त्यांच्यावाचून बाजार चालत नाही आणि त्यांची भीतीही सुटत नाही. लहान मुलांना सांगतात, रडू नकोस, बुंबाय पोत्यात घालून नेईल.

मी फाटकाशी उभा राहिलो की पडदा हलायचा आणि आतून आवाज यायचा, "आज नाही, पुढच्या आठवड्यात या." ज्या घरात देवाचं प्रेम सांगायला आलो, तिथे मला पाहून एखादी बाई हप्त्याच्या भीतीने गप्प बसते, हे मला फार लागायचं. सुरुवातीला सोबतीच पुढे व्हायचा. सहा फूट उंच, पण आवाज मऊ. "ताओ पो!" म्हणून हाक मारायचा आणि मी दोन पावलं मागे छत्री धरून उभा. मग एका सकाळी फाटकापाशी तो थांबला आणि म्हणाला, "आज तू हाक मार. त्यांना कळू दे की असाही एक भारतीय दारात येतो ज्याला काही न्यायचं नाही."

मी हाक मारली. आत एक म्हाताऱ्या लोला, म्हणजे आजी, होत्या. त्यांनी आधी विचारलं ते पैशाचंच. मी नाही म्हटलं, वाकून त्यांचा हात कपाळाला लावला, इथली वडीलधाऱ्यांना भेटायची रीत, आणि त्यांनी बाक पुढे सरकवला. त्यांच्या भिंतीवर छातीइतक्या उंचीवर चिखलाची रेघ आहे. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये क्रिस्टीन वादळात नागा बुडालं होतं, तेव्हाची. त्या सकाळपासून आम्ही त्यांच्याकडे जातो. हातपंपावरून पाणी आणून पिंप भरतो, मग थोडं वाचतो, प्रार्थना करतो. त्या कॅथलिक आहेत आणि बहुधा राहतील. सोबतीने एकदाही त्यावरून त्यांची भेट कमी केली नाही. त्याच्याबद्दल मला जे वाटतं त्याची सुरुवात या अंगणात झाली.

गुरुवार

सकाळच्या अभ्यासात आज ह्यू फिंडले यांच्याबद्दल वाचत होतो. हे स्कॉटिश मिशनरी १८५२ मध्ये मुंबईत उतरले आणि पुण्यात येऊन राहिले. मंडळी स्थापन होऊन तेव्हा जेमतेम बावीस वर्षं झाली होती. लष्करी छावणीत त्यांना मज्जाव झाला. थोडी माणसं मिळाली, छोटी शाखा उभी राहिली, आणि काही वर्षांत भारतातलं ते सगळं काम थांबलं. माझे आजोबा-आजी अहिल्यानगरकडचे, अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतले ख्रिस्ती. आमचं घर या मंडळीत आलं ते बाबांपासून. म्हणजे फिंडले ज्या शहरातून जवळजवळ रिकाम्या हाताने गेले, तिथून आज मी निघून दुसऱ्याच्या देशात दारं ठोठावतोय.

वाचताना मनात एकच आलं. ते सुरुवातीला एकटे होते. रात्री खोलीवर आल्यावर "आजचा दिवस वाईट गेला" हे म्हणायला समोर कुणी नसेल. आजच्यासारखा दिवस एकट्याने काढायचा म्हणजे काय, याचा मला आज अंदाज आला.

कारण दुपारी निरोप आला की सोबतीची आजी गेली.

त्याला वाढवलं तिनेच. २०२२ च्या जानेवारीत हुंगा टोंगा ज्वालामुखीचा स्फोट झाला, तेव्हा तो शाळेत होता. आकाशातून राख पडत होती, त्सुनामी आली, समुद्राखालची केबल तुटली आणि टोंगाचा जगाशी संपर्क पाच आठवडे नीट नव्हता. तेव्हा आजीने सगळ्या घराला रोज संध्याकाळी बसवून गायला लावलं, हे त्याने मला इथे आल्यावर सांगितलं होतं. मिशनच्या अध्यक्षांनी आज त्याला घरी बराच वेळ बोलायला परवानगी दिली. घरच्यांनी विचारलं, येतोस का. तो राहतो म्हणाला. हा निर्णय बरोबर की चूक हे बाहेरच्याने सांगू नये. मी फक्त त्याच्या शेजारी बसलो होतो, नियमानेच, आणि आज त्या नियमाबद्दल मनापासून कृतज्ञ आहे. नियम नसता तर मी, एकांत आवडणारा माणूस, "त्याला एकटं सोडावं" म्हणून खोलीबाहेर गेलो असतो.

संध्याकाळी त्याने पेटीतून ताओवाला काढली, टोंगन लोक कमरेला बांधतात ती विणलेली चटई, आणि पांढऱ्या शर्टावर बांधली. मग तो टोंगनमध्ये गायला. मला शब्द कळत नव्हते, चाल ओळखीची होती, माझ्या आजीच्या घरी उपासनेला म्हणायचे ती. मी मराठीत म्हणू लागलो. घरमालकीणबाईंनी नंतर लाइंग पाठवलं, अळूची पानं नारळाच्या दुधात शिजवलेली, भरपूर मिरची घालून. बिकोलचे लोक आपल्यासारखेच तिखट खातात. त्याला तिखट सोसत नाही, तरी त्याने सगळं संपवलं.

शनिवार

आज पेन्याफ्रान्सिया माउलीची, म्हणजे इथल्या मरियेच्या मूर्तीची, नदीतली मिरवणूक होती. गेल्या आठवड्यात अनवाणी पुरुषांनी मूर्ती खांद्यावरून कॅथेड्रलला नेली होती, आज ती होडीतून बॅसिलिकाला परतली. काठावर इतकी गर्दी की पुढचं दिसेना. १७१० पासून चालत आलेली ही भक्ती आहे. मला पालखी पुण्यात मुक्कामाला येते त्या संध्याकाळची आठवण झाली, तीच ओढ, तेच भिजलेले चेहरे. अशा दिवशी आम्ही कुणाला पत्रकं देत नाही. ज्यांचं मन आधीच भरून आलंय, त्यांना अडवून बोलायचं नसतं, हे मी सोबतीकडूनच शिकलो. आम्ही काठावर उभे राहिलो आणि दमलेल्यांना पाणी दिलं.

रात्री बदल्यांचा निरोप आला. तो जाणार, मी राहणार.

रविवार

उपासनेत भाकर आणि पाणी वाटायला आज तो होता. नंतर मंडळीतली लहान मुलं त्याला सोडेनात. टोंगाच्या आजीसाठी फिलिपिनी बायकांनी प्रार्थना केली, तिचं नाव नीट उच्चारण्यासाठी त्याला दोनदा विचारून.

आईला उद्या काय सांगायचं ते आता ठरलंय. पटतं का, हा प्रश्न आम्हाला लागू पडत नाही. मित्र म्हणून मी त्याला निवडलं नसतं, त्यानेही मला नाही. तो घोरतो, दिवे लावून प्रार्थना करतो, वाटेत प्रत्येक कुत्र्याशी बोलतो. पण रोज त्याच्यासाठी गुडघे टेकता टेकता तो मला भावासारखा झाला. आवड आधी आणि जीव लावणं नंतर, असंच असतं हे मी धरून चाललो होतो. इथे उलट क्रमाने झालं आणि तितकंच खरं झालं.

बुधवारी नवा सोबती येईल. कुठला, कसा, माहीत नाही. त्याच्यासाठी वहीत लिहून ठेवलंय: लोलांचं पिंप मंगळवारी आणि शुक्रवारी, बादली त्यांच्या मागच्या दारी. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या ताईंचा मुलगा इंग्रजीच्या वर्गाला यायचं म्हणतोय, त्याला गुरुवारी आठवण करायची. नदीपलीकडच्या घरात मला बघून दार लावून घेतात, तिथे पहिले काही दिवस हाक त्याने मारावी. मग मी मारेन.