दोन्ही दिवे लागले, तर गुण कुणाचा?

"जो खेळ तुम्ही कधी खेळला नाहीत, त्याची बातमी कशी लिहिता?" पत्रकारिता शिकणारी मुलं हे विचारतात, खेळाडूंचे आईवडील विचारतात, मागच्या महिन्यात कोपरीला एका लग्नात शेजारी बसलेल्या काकूंनीही विचारलं. तुम्ही विचारलंत म्हणून तलवारबाजीचे दोन दिवस सांगते. माझ्याकडे जे काही उत्तर आहे ते त्या दोन दिवसांतच सापडलेलं आहे.

मी ठाण्याची, कबड्डी बघत वाढलेली. घरामागच्या मैदानात रात्री हॅलोजन लावून सामने व्हायचे आणि आम्ही पोरं बांबूच्या कुंपणाला लटकून ते बघायचो. चढाई, पकड, बोनस, लोण हे शब्द मला कुणी शिकवले नाहीत. बातमीदार झाल्यावरही कबड्डी, खो-खो आणि क्रिकेट हेच वाट्याला यायचं. एका शुक्रवारी ऑफिसमधून निरोप आला: उद्या-परवा वाशीला जिल्हा तलवारबाजी स्पर्धा आहे, नेहमीचा सहकारी आजारी आहे, तू जा.

तलवारबाजी म्हटलं की आपल्याकडे आधी शिवजयंतीच्या मिरवणुकीतला दांडपट्टा आठवतो. मी रात्री जागून भवानी देवीबद्दल वाचलं. ऑलिम्पिकला गेलेली ती पहिली भारतीय तलवारबाज. २०२१मध्ये टोकियोत तिने पहिली लढत १५-३ अशी जिंकली आणि दुसरी ७-१५ अशी गमावली. तिचं शस्त्र सेबर, म्हणून सेबरचे नियम वहीत उतरवून घेतले. सकाळी ट्रान्स-हार्बरने वाशीला पोचले, शाळेच्या हॉलबाहेर लावलेला कार्यक्रम वाचला. त्या दोन दिवसांत सेबर नव्हतंच. होते ते तलवारबाजीचे बाकीचे दोन प्रकार: सकाळी एपे, दुपारी फॉइल.

एपे मला लवकर कळलं. चौदा मीटर लांब, जेमतेम दोन मीटर रुंद पट्टी, त्यावर समोरासमोर दोघं, पाठीमागून निघालेल्या वायरी, बाजूला यंत्र. एपेमध्ये डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत कुठेही टोक लागलं तरी चालतं. ज्याचं आधी लागलं त्याचा दिवा, त्याचा गुण. दोघांचं जवळजवळ एकाच क्षणी लागलं, म्हणजे सेकंदाच्या पंचविसाव्या भागाच्या आत, तर दोन्ही दिवे लागतात आणि दोघांनाही गुण मिळतो. दुपारपर्यंत मी पंचांकडे न बघता नुसत्या दिव्यांवरून गुण लिहीत होते आणि ते बरोबर येत होते.

फॉइल सुरू झालं तेव्हाही मी दिवेच बघत राहिले. मुलींच्या गटात साखळीतली पाच गुणांची एक लढत ३-३वर होती. दोघी एकदम पुढे आल्या, दोन्ही दिवे लागले. मी वहीत ४-४ लिहिलं आणि लगेच खाली जाऊन फोटो काढायला लागले. परतीच्या लोकलमध्ये, तुर्भे ते ठाणे, बातमी फोनवर टाइप केली. 'दोघींनी एकाच क्षणी वार केल्याने सामना ४-४ असा रंगला', असं एक वाक्य त्यात होतं. शेवटी निकालपत्रावरून उतरवलेला गुणफलक होता ५-३. ही विसंगती मला दिसली नाही, ऑफिसातही कुणाला दिसली नाही.

रविवारी सकाळी हॉलमध्ये शिरले तर ती हरलेली मुलगी पेपर घेऊन उभी होती. नुकतीच दहावी दिलेली, नाकावर मास्कच्या जाळीचा वळ. ती रागावलेली नव्हती, तेच मला जास्त लागलं. म्हणाली, "ताई, मला चौथा गुण मिळालाच नव्हता. तुम्ही दिलाय."

मी वही काढून दाखवली. दोन्ही दिवे लागले होते ना? "लागले होते," ती म्हणाली. "पण फॉइलमध्ये दिवा फक्त सांगतो की टोक लागलं. गुण कुणाचा ते सर सांगतात." मग तिने विचारलं, मी एरवी कशाच्या बातम्या करते. कबड्डीच्या म्हटल्यावर तिचा चेहरा खुलला. "मग सोपंय. चढाईवाल्याने बचाववाल्याला हात लावला की दोघांचाही एकमेकांना स्पर्श झालेला असतो ना? तरी गुण कुणाचा? ज्याची चढाई त्याचा. बचाववाल्याला गुण हवा तर आधी पकड करायला लागते. आमच्यातही तसंच. जी आधी हात लांब करून टोक रोखून येते, तिची चढाई. दुसरीने नुसतं टोक लावून उपयोग नाही. तिने आधी पात्याने पातं बाजूला सारलं पाहिजे. सारलं, की चढाई तिची."

इतक्या वर्षांत एखाद्या खेळाचा नियम मला इतका नेमका कुणी समजावला नव्हता. त्याच बाकावर बसून तिच्याकडून बाकीचंही विचारून घेतलं. फॉइलमध्ये फक्त धड चालतं, म्हणून अंगावर ते चंदेरी जाकीट. हातापायाला लागलं तर पांढरा दिवा लागतो, खेळ थांबतो, गुण नाही. लढतीआधी पंच फॉइलच्या टोकावर पाचशे ग्रॅमचं वजन ठेवतात, ते टोकाच्या स्प्रिंगने वर उचललं पाहिजे. म्हणजे निसटत्या स्पर्शाने दिवा लागत नाही, टोक खरंच दाबलं जावं लागतं. आदल्या दिवशी तो वजनाचा ठोकळा मी दहा वेळा बघितला होता. कशासाठी म्हणून एकदाही विचारलं नव्हतं.

त्या दिवशी मी गॅलरीत गेले नाही. पट्टीच्या टोकाशी, पंचांचे हात दिसतील अशा जागी खाली बसले. पंच आधी हाताने घडलेलं सगळं सांगतात: चढाई या बाजूची, थोपवली, उलट वार, लागला. मग गुणाचा हात वर जातो. पहिल्या तासात मी फक्त ते हात वाचत होते.

उपांत्य फेरीत तीच मुलगी होती. पंधरा गुणांची लढत, १४-१४. तिच्या आईने ओढणीचं टोक तोंडात धरलेलं. ती पुढे आली, हात पूर्ण लांब, सुंदर. समोरचीने पातं किंचित वळवलं, टक् असा बारीक आवाज झाला, आणि दोन्ही दिवे एकदम लागले. हॉलमधले निम्मे लोक तिच्यासाठी टाळ्या वाजवायला लागले. मला मात्र पंचांचा हात उठण्याआधीच कळलं की ती हरली. तिलाही कळलं होतं. तिने मास्क काढून समोरचीला आणि पंचांना सलामी दिली, हात मिळवला.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं, की मी आता नव्या खेळाला गेले की आधी हरलेल्या खेळाडूशेजारी जाऊन बसते. जिंकलेल्याला फोटो असतात, सत्कार असतो. हरलेल्याला नेमकं काय घडलं ते टाक्याटाक्याने आठवत असतं आणि विचारणारं कुणी नसतं. मात्र लगेच विचारायचं नाही. पाणी पिऊन होऊ द्यायचं, आईशी बोलून होऊ द्यायचं. मला त्या दिवशी पाऊण तास लागला.

रात्री बातमीत वर चूकदुरुस्ती दिली: शनिवारच्या लढतीत ४-४ अशी बरोबरी झालीच नव्हती. खाली उपांत्य फेरीचा शेवटचा गुण पाच ओळींत लिहिला. 'चढाई तिची होती. ती थोपवली गेली आणि चढाई समोरचीची झाली', असं त्यात होतं. साडेदहाला डेस्कवरून फोन आला. तलवारबाजीत चढाई कशी, कबड्डीचा शब्द चुकून आलाय का, बदलून 'आक्रमण' करू का?

मी म्हटलं, नको. शब्द त्या मुलीचा आहे, तसाच जाऊ दे. सोमवारी तसाच छापून आला.