कोरं पहिलं प्रकरण

डिझर्टेशन, म्हणजे एम. ए.चा लघुप्रबंध, जमा करायची मुदत जवळ आली की आमच्या समुपदेशन कक्षात गर्दी वाढते. त्या दुपारी आलेल्या एम. ए.च्या मुलाला गाइडनेच पाठवलं होतं. चिठ्ठीत लिहिलं होतं, 'कामचुकार आहे, जरा समजवा.' (ओळख कळू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.)

मी त्याला लॅपटॉप उघडायला लावला. ऊसतोड मजुरांच्या मुलांची शाळा का सुटते, हा त्याचा विषय. मजुरांच्या तळावर कोप्यांमध्ये, म्हणजे त्यांच्या झोपड्यांमध्ये, राहून घेतलेल्या मुलाखती, तारीखवार उतरवलेल्या. वाचलेल्या लेखांच्या नोंदी, तक्ते. कोरी होती ती फक्त पहिल्या प्रकरणाची फाइल. एवढं उपसणाऱ्या पोराला कामचुकार म्हटलेलं मला सहन होईना.

"लिहायला बसलास की काय होतं?"

"एक वाक्य लिहितो, मॅडम. सर काय म्हणतील वाटतं, पुसतो. मग मोबाइल घेतो."

सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, लाल शेऱ्यांनी भरून परत आलं होतं, खाली 'इंग्रजी सुधारा'. बारावीपर्यंत मराठी माध्यम. घरात कॉलेज पाहिलेला हा पहिलाच. थोरला भाऊ ऊस तोडून पैसे पाठवणारा. आई फोनवर विचारायची, "झालं का रे पुस्तक लिहून?" हा म्हणायचा, "होत आलंय." पुढे फोन उचलणंच बंद केलं.

"वर्गात कुणाला विचारलं नाहीस?"

"विचारलं तर मला येत नाही हे कळेल ना."

सॉलोमन आणि रॉथब्लूम या मानसशास्त्रज्ञांनी 1984 मध्येच विद्यार्थ्यांच्या चालढकलीमागे अपयशाची भीती आणि कामाचा तिटकारा दाखवला होता. फाइल बंद केली की भीती क्षणभर उतरते, म्हणून हात पुन्हा तिकडेच जातो. त्यावर बोलणी बसली की भीती दुप्पट. 2010 च्या एका अभ्यासात तर पहिल्या परीक्षेआधीच्या टाळाटाळीबद्दल स्वतःला माफ करणाऱ्यांनी पुढच्या वेळी कमी टाळाटाळ केली. तेही त्याला सांगितलं.

मग म्हटलं, "तळावरचा पहिला दिवस मला सांग. मराठीत." तो भरभरून बोलला. "आता हेच लिही. इंग्रजीचं नंतर बघू." माझ्यासमोरच बसून त्याने दोन पानं लिहिली.

त्याच्या संमतीने गाइडना फोन केला. आठवड्याला थोडा कच्चा मजकूर बघायचा, भाषेचे शेरे शेवटी, एवढंच मागितलं. सर जरा अडखळले, पण कबूल झाले. संध्याकाळी त्यांचाच फोन आला. म्हणाले, "याने एवढं फील्डवर्क केलंय, हे मला ठाऊकच नव्हतं."