डोंगरांचे पॅनोरामा, अपडेट 3: मॅन्लिखन ते रिफेलसे

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. गेल्या वेळी म्हटलं होतं ना की सह्याद्री बराच झाला, आता आल्प्समध्ये पॅनोरामा (शेजारशेजारच्या फ्रेम जोडून केलेले रुंद फोटो) करून बघायचेत, तर जूनच्या शेवटी नऊ दिवस स्वित्झर्लंडला जाऊन आलो. त्यातले सहा पॅनोरामा असे आलेत की मोठी प्रिंट काढून भिंतीवर लावणार.

यावेळी एक गोष्ट पक्की कळली, डोंगराचा फोटो हवा तर त्याच्यावर चढू नका, त्याच्या समोर जा. युंगफ्राउयोखला, म्हणजे युंगफ्राउ शिखराला लागून असलेल्या खिंडीत, मी आधीच्या ट्रिपमध्ये गेलो होतो, 3454 मीटर, 1912 साली तिथपर्यंत रेल्वे नेली त्या लोकांना खरंच सलाम, आणि अलेच ग्लेशियर तिथून दिसतं तसं विसरणं शक्यच नाही. पण युंगफ्राउ शिखर इतकं जवळ येतं की त्याचा आकारच हरवतो. म्हणून यावेळी ते पैसे वाचवले आणि मॅन्लिखन या समोरच्या डोंगरावरच्या हॉटेलात एक रात्र राहिलो.

हा निर्णय ट्रिपमधला सगळ्यात चांगला निघाला. वेंगेनहून केबल कारने वर आलात की आयगर (3967), म्योंख आणि युंगफ्राउ (4158) ओळीने समोर उभे. सकाळी मात्र सूर्य त्यांच्या मागून येतो, त्यामुळे नुसत्या काळ्या आकृत्या मिळतात, मी पहाटे उठून चाळीस फ्रेम काढल्या आणि एकही ठेवली नाही. संध्याकाळी सूर्य वायव्येकडे कलला की आयगरच्या उत्तर भिंतीवर तिरपा उजेड पडतो आणि दिवसभर सपाट वाटणारी ती जवळपास 1800 मीटरची भिंत एकदम उठून येते, एकेक कपारी, बर्फाचे पट्टे, सगळं. 1938 मध्ये ती पहिल्यांदा चढली गेली तेव्हा चौघे जण कुठून गेले असतील हे मी लेन्समधून बराच वेळ शोधत बसलो होतो. शेवटच्या केबल कारने खाली उतरणाऱ्यांना हा उजेड मिळत नाही, म्हणून वर मुक्काम कराच.

सेटिंग्ज: कॅमेरा उभा, 50 मिमी, 11 फ्रेम, प्रत्येक फ्रेममध्ये साधारण तिसरा हिस्सा ओव्हरलॅप. एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही मॅन्युअल. पहिल्या दिवशी हार्डर कुल्मला (1322 मीटर, खाली इंटरलाकेन आणि दोन्ही बाजूंना दोन तलाव) पोलरायझर (आकाश गडद करणारा लेन्सवरचा फिल्टर) काढायचा राहिला आणि आकाशात मध्येच गडद निळा पट्टा आला, तो एडिटिंगमध्येही जात नाहीये. वाइड पॅनोरामाला पोलरायझर नकोच.

झेरमाटला गणित बरोबर उलटं. गॉर्नरग्राटच्या (झेरमाटहून रेल्वे जाते तो डोंगरमाथा) बाजूने बघताना मॅटरहॉर्न (4478) पश्चिमेकडे असतो, म्हणजे पहाटेचा उजेड थेट त्याच्या पूर्वेच्या भिंतीवर. गॉर्नरग्राटला, 3089 मीटरवर, शेवटपर्यंत जाऊन या, पण फोटोसाठी आधीच्या रोटनबोडन स्टेशनला उतरून दहा मिनिटं खाली रिफेलसे तळ्यापाशी चालत जा. पहिली गाडी पकडा, कारण वारा सुटला की प्रतिबिंब गेलं. मला पहिल्या दिवशी नुसत्या लाटा मिळाल्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो तेव्हा पाणी इतकं स्थिर होतं की मी ट्रायपॉड हळूच ठेवला, आवाज होईल म्हणून! वीसेक मिनिटं मिळाली. तिथे मी कॅमेरा बाजूला ठेवून नुसता बघतही बसलो.

इंटरलाकेनजवळच्या शीनिगे प्लाटे डोंगरावर 1893 पासूनची दातेरी रुळांची छोटी गाडी जाते, वेळ असेल तर जाच, सावकाश चढते आणि प्रत्येक वळणावर तलाव थोडा जास्त दिसायला लागतो. तिथल्या 14 फ्रेम अजून जोडायच्यात, पुढे असलेलं कुंपण दोन फ्रेमच्या सांध्यावर तुटतंय. बहुतेक कॅमेरा ट्रायपॉडवर लेन्समधल्या योग्य बिंदूभोवती फिरला नाही. कोणी नोडल रेल (कॅमेरा मागे सरकवून त्या बिंदूभोवती फिरवता येणारी पट्टी) वापरत असेल तर कुठली घेतली आणि रोज पाठीवर वाहायला किती जड होते ते सांगा, पुढच्या ट्रिपआधी घ्यायचीये.