मातंग टेकडी, हंपी: फोटोत न दिसणारी वाट

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. मातंग टेकडीवर पहाटेच्या अंधारात विरूपाक्ष मंदिरासमोरच्या बाजाराच्या टोकाकडून चढू नका. रस्त्याच्या बाजूने दगडी पायऱ्यांची वाट आहे, तिनेच चढा, तिनेच उतरा. त्याच टोकाच्या मोठ्या दगडी नंदीजवळून जवळची वाट आहे असं कुणी सांगितलं तर मान डोलवा आणि रस्त्याकडच्या वाटेला लागा.

आम्हाला हे कुणी सांगितलं नाही. मी आणि धाकटा भाऊ हंपीला फक्त फोटो काढायला गेलो होतो, आणि महिनाभर जे फोटो बघत होतो त्या सगळ्यांत टेकडीचा माथाच होता. खाली अच्युतराय मंदिर, त्याच्यासमोरून नदीकडे गेलेली सरळ लांब बाजारपेठ, दोन्ही बाजूंना दगडी खांब, वर केशरी ऊन. फोटोखाली "वीस मिनिटांची सोपी चढण". मुक्कामाच्या ठिकाणच्या मालकानेही तेच सांगितलं, "बीस मिनिट, सीधा रास्ता, कोई टेन्शन नहीं." आम्ही दोघंही सह्याद्रीत फिरणारे. हरिश्चंद्रगड, राजगड वगैरे झालेलं, त्यामुळे वीस मिनिटांचं काही वाटलं नाही.

नंदीपर्यंत आणि पुढच्या पायऱ्यांपर्यंत सगळं ठीक होतं. तिथून उजवीकडे वळलं की वाट अशी राहतच नाही. खोलीएवढे धोंडे एकमेकांवर रचल्यासारखे पडलेत आणि त्यांच्या फटींतून जायचं. टॉर्चच्या उजेडात प्रत्येक फट वाटच वाटते. दोनदा पुढे जाऊन बंद फटीतून मागे फिरलो. मग एक तिरका कातळ आला, पुरुषभर उंच, इतक्या पायांनी घासलेला की बुटाला काही पकडच मिळेना. उजवीकडे काटेरी झुडूप, डावीकडे काळोख. भाऊ वर गेला, मी खालून बॅगा दिल्या. माझ्या बॅगेला बांधलेला ट्रायपॉड वरच्या धोंड्यात अडकला आणि मी त्या कातळावर गुडघा टेकून, ना वर ना खाली, तशीच थांबले. भावाने पालथं पडून ट्रायपॉड सोडवला तेव्हा कुठे पुढे सरकता आलं. कातळाखाली किती खोल होतं ते उजाडल्यावर वरून बघितलं आणि पोटात गोळा आला. तिथे पाय घसरला असता तर नुसतं खरचटण्यावर निभावलं नसतं.

हा सगळा प्रकार वीस-पंचवीस पावलांचा असेल. पण मी हंपीबद्दल लिहायला बसले की आधी ती पंचवीस पावलंच आठवतात. त्या जागेचा एकही फोटो मला कुठे दिसला नाही, कारण अंधारात कातळावर लटकलेलं असताना कॅमेरा कोण काढणार. फोटो माथ्यावर पोचल्यावर निघतो आणि वाट चौकटीबाहेर राहते. हे लक्षात ठेवूनच कुणाचेही डोंगरमाथ्यावरचे फोटो बघावेत, माझेसुद्धा.

माथा मात्र खरोखर तसाच आहे. वीरभद्राचं देऊळ, त्याचं गच्चीसारखं छप्पर आणि चारी बाजूंना दगडच दगड. हा ग्रॅनाइट सुमारे अडीचशे कोटी वर्षं जुना आहे. भूकंपाने हे ढीग झाले असं गाइड सांगतात ते चूक. एकसंध कातळाला भेगा पडल्या, त्या भेगांतून ऊन-पावसाने दगड थराथराने सुटत गेला, कोपरे झिजले आणि गोल धोंडे जागच्या जागी उरले. पहाटेच्या तिरप्या उजेडात प्रत्येक धोंड्याची एक कड उजळते आणि दुसरी बाजू निळी राहते. कॅमेऱ्याला हात न लावता मी किती वेळ बघत होते ते कळलं नाही. गुडघा ठणकत होता आणि तरी मी भावाला म्हणाले की पुन्हा यायचं. आनंदाच्या भरात मला तेव्हा त्या कातळाचंही काही वाटत नव्हतं, म्हणून माथ्यावरून लगेच लिहिलेल्या सल्ल्यांवर विश्वास ठेवू नका. खाली उतरून, जेवून, झोपून मग लिहिलेलं खरं.

छायाचित्रकारांसाठी थोडं कामाचं. डिसेंबर-जानेवारीत सूर्य पावणेसातच्या आसपास उगवतो, त्यामुळे सहाला चढायला सुरुवात केली तरी पायऱ्यांच्या वाटेने वेळेत पोचता. सूर्य तेव्हा आग्नेयेकडून वर येतो, अच्युतराय मंदिर उत्तरेला खाली आहे, म्हणजे त्याला बाजूने ऊन मिळतं. पश्चिमेला विरूपाक्षाचं सुमारे ५० मीटरचं गोपुर, त्याला समोरून. वाइड लेन्स घेऊन जाऊ नका असं मी स्पष्ट सांगेन. वाइडमध्ये मंदिर काड्यापेटीएवढं येतं आणि अर्धी चौकट नुसत्या आकाशाने भरते. ७०-२०० मिमीची झूम लेन्स घ्या. आमच्या चांगल्या फोटोंतले बहुतेक १०० ते १५०च्या दरम्यान निघालेत. वर वारा असतो, ट्रायपॉड न्याच, पण बॅगेच्या बाहेर बांधू नका. एकट्याने जाऊ नका, बाईमाणसाने तर नकोच. माकडं हातातली पिशवी ओढतात. पाणी खालूनच भरून घ्या, वर मिळत नाही.

१५२०च्या सुमारास डोमिंगो पायस नावाचा पोर्तुगीज इथे आला होता. हंपी तेव्हा विजयनगर साम्राज्याची राजधानी होती, कृष्णदेवरायाचा काळ. शहर केवढं आहे ते एका जागेवरून दिसत नाही म्हणून तो एका टेकडीवर चढला, आणि जेवढं दिसलं तेवढंच त्याला रोमएवढं मोठं वाटलं. १५६५च्या तालिकोटच्या लढाईनंतर ते शहर लुटलं गेलं आणि ओस पडलं. माथ्यावर बसलं की पायसला दिसलं ते आणि आपल्याला दिसतं ते यातला फरक अंगावर येतो. आपण "लँडस्केप" म्हणून जे काढतो ते एक शहर आहे. खाली केळीच्या बागा आहेत तिथे रस्ते होते, घरं होती.

पण हे शहर आजच्याइतकं रिकामं अगदी अलीकडेपर्यंत नव्हतं. हंपीचे सगळ्यात जुने फोटो अलेक्झांडर ग्रीनलॉ या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १८५६ साली काढले, मेणकागदाच्या मोठ्या निगेटिव्हवर. त्यात माणसं जवळजवळ नाहीतच, कारण त्या तंत्राला एकेका फोटोसाठी मिनिटं-मिनिटं लागत. चालता माणूस कागदावर उमटायचाच नाही. तिथूनच हंपी म्हणजे निर्मनुष्य अवशेष ही कल्पना पक्की झाली असावी असं मला वाटतं. विरूपाक्षासमोरच्या बाजारात मात्र अगदी परवापर्यंत माणसं राहत होती, दगडी मंडपांना भिंती घालून, दुकानं आणि खाणावळी थाटून. २०११ मध्ये ती सगळी हटवली. टेकडीखाली चहा विकणारे एक काका भेटले, ते त्या मंडपातच वाढलेले. आता काही किलोमीटरवरच्या कड्डीरामपुरातून रोज येतात. मी त्यांना त्या बाजाराचा मी काढलेला फोटो दाखवला, तर त्यांनी बोट ठेवून डावीकडचे खांब मोजले आणि एका खांबापाशी थांबून म्हणाले, "इधर चूल्हा था." त्या फोटोतून मी आदल्याच रात्री दोन माणसं पुसून टाकली होती, चौकट स्वच्छ दिसावी म्हणून. त्यानंतर हंपीचा एकही फोटो मी पुसलेला नाही. अतिक्रमण होतं की नव्हतं, स्मारक जपायला ते करावं लागलं का, यावर दोन बाजूंनी बोलता येईल. पण आपण रिकाम्या खांबांचे फोटो "शांतता" म्हणून टाकतो तेव्हा ती शांतता कशी आली हे फोटोखाली लिहायला एक ओळ पुरते, आणि ती लिहावी.

विठ्ठल मंदिराबद्दल मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. मूळ मूर्ती पंढरपूरची, कृष्णदेवरायाने इथे आणली आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत नेली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकलेली असते. गाभारा रिकामा आहे. माझी आजी वारी करायची, तिच्यासाठी म्हणून मी त्या रिकाम्या गाभाऱ्यासमोर हात जोडले. फोटो काढला नाही.

फोटोंसाठी म्हणाल तर हे मंदिर सकाळी निराश करतं. आम्हाला आत सोडलं तोवर कोवळं ऊन संपलं होतं. दुपारी चारनंतर जा. ट्रायपॉडला परवानगी लागते, गेटवर वाद घालण्यात अर्थ नाही. ड्रोनचा विचारही करू नका. ५० रुपयांच्या नोटेवरचा दगडी रथ बघायला इतकी गर्दी की माणसांशिवाय फोटो मिळणार नाही, आणि तसा हट्ट मी आता धरतही नाही. ग्रीनलॉच्या फोटोत याच रथावर विटांचं शिखर दिसतं. ते पुढे काढून टाकलं. म्हणजे आपण "मूळ" समजून जो आकार नोटेवर बघतो तो मूळ नाहीच. जाण्याआधी तो १८५६ चा फोटो जरूर शोधून बघा, रथासमोर उभं राहिल्यावर नजर आपोआप वर रिकाम्या जागेकडे जाते.

आता पैशांचं. नदीवर गोल टोपलीसारख्या होड्या असतात, हरिगोलू. सूर्यास्ताची फेरी म्हणून आमच्याकडे माणशी हजार मागितले. आम्ही उठून चालायला लागलो तर सातशे, पाचशे आणि शेवटी दोघांचे मिळून सहाशे. बसल्यावर अर्ध्या पाण्यात होडी थांबवून "फोटो का अलग" असं ऐकवलं. पाण्यात बसलेल्या माणसाशी घासाघीस करायची ही रीत मला अजिबात सहन झाली नाही. भावाने शांतपणे सांगितलं की काठावर नेऊन सोड, तेव्हा विषय संपला. तर काठावर उभं असतानाच किती वेळ, किती माणसं, फोटो धरून किती, हे सगळं बोलून घ्या आणि पैसे उतरल्यावरच द्या. खरं म्हणजे ही फेरी न केलेलीच बरी. होडी सतत फिरत राहते, कॅमेरा पाण्याच्या पातळीवर येतो आणि धोंड्यांच्या भिंतीपलीकडचं काही दिसत नाही.

पलीकडच्या काठावर जाणारी नाव वेगळी. ती संध्याकाळी लवकर बंद होते. शेवटची नाव चुकली की पुलावरून पंधरा-वीस किलोमीटरचा वळसा, आणि त्या वेळी रिक्षावाला म्हणेल ते भाडं. त्यामुळे पलीकडच्या अंजनाद्रीचा, म्हणजे हनुमानाच्या टेकडीवरचा, सूर्यास्त बघून नावेने परत येऊ असा बेत आखू नका. अंजनाद्रीला ५७५ पायऱ्या आहेत, रांग आहे, वरून दिसणारी भातशेती सुरेख आहे. भाविक असाल तर जा. नुसत्या फोटोसाठी जाणार असाल तर मातंग पुरे.

हंपीत फोटोग्राफीच्या दृष्टीने मला सगळ्यात मोठी वाटलेली गोष्ट कॅमेऱ्याने काढण्यासारखी नाही. विरूपाक्षाच्या गाभाऱ्याच्या मागे एक छोटी अंधारी खोली आहे. तिच्या भिंतीत एक बारीक झरोका. त्यातून येणाऱ्या उजेडाने समोरच्या भिंतीवर बाहेरचं गोपुर उलटं उमटतं, कळस खाली आणि पाया वर. आम्ही सकाळी गेलो होतो, आकाशाचा उजळ चौकोन आणि त्यात काळं गोपुर. लेन्स नाही, फिल्म नाही. भाऊ झरोक्यासमोर तळहात धरून मागेपुढे करत राहिला आणि गोपुर त्याच्या तळव्यावर लहानमोठं होत राहिलं. हे दाखवायला कुणीतरी पुढे येतोच आणि पैसे मागतो. वीस-तीस रुपये द्या, त्याहून जास्त देऊ नका. पण चुकवू नका.

राजवाड्याचा भाग, कमलमहाल, हत्तींचे तबेले हे सगळं सपाट आणि सायकलवर निवांत होतं. एक दिवस त्यात छान गेला, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी सूर्यास्ताला हेमकूट टेकडीवर जावं. चढ नावापुरता आहे, खाली विरूपाक्ष अगदी हाताशी, आणि ज्येष्ठांना नेता येतं. मातंगएवढं उंचावरून दिसत नाही, पण दहातल्या सात जणांचं काम तिथेच भागेल.

जायचं कसं तर कोल्हापूर-मिरजेकडून हरिप्रिया एक्स्प्रेस होस्पेटला रात्री सोडते, गोव्याकडून अमरावती एक्स्प्रेस आहे. होस्पेट ते हंपी बारा-तेरा किलोमीटर. रात्रीची रिक्षा आधीच ठरवून ठेवा, स्टेशनवर उतरल्यावर भाव दुप्पट होतो. परतीची हरिप्रिया सकाळी लवकर असते, म्हणून शेवटच्या दिवशी सूर्योदयाचा बेत ठेवू नका. मार्चनंतर जाऊच नका. धोंडे दहा वाजताच इतके तापतात की त्यांच्यावर हात टेकवत नाही.