तुम्ही विचारलंत म्हणून: कुठलं पीएलसी शिकू?

ऑटोमेशन टेक्निशियन व्हायचं म्हणणारा जवळजवळ प्रत्येक जण मला हेच विचारतो: आधी कुठल्या कंपनीचं पीएलसी (मशीन चालवणारा औद्योगिक संगणक) शिकू?

कुठलंही. खरंच. 1968 साली जनरल मोटर्सला रिलेंनी (विजेने चालू-बंद होणाऱ्या स्विचेसनी) भरलेल्या पॅनेलना पर्याय हवा होता, कारण गाडीचं मॉडेल बदललं की सगळं वायरिंग उचकटावं लागे. त्यातून मोडिकॉन 084 हे सुरुवातीचं पीएलसी आलं. त्याचं लॅडर लॉजिक (शिडीसारखी दिसणारी प्रोग्रामची भाषा) मुद्दामच रिलेच्या ड्रॉइंगसारखं ठेवलं होतं, इलेक्ट्रिशियनला वाचता यावं म्हणून. आजही ज्याला रिलेचं सर्किट वाचता येतं, त्याला कुठल्याही कंपनीचं लॅडर आठवड्याभरात उमगतं. मेनू तेवढे वेगळे.

पण तुमचे दिवस प्रोग्राम लिहिण्यात जाणार नाहीत. वर्षानुवर्षं चाललेला प्रोग्राम रात्रीतून आपोआप बदलत नाही. बिघडतो तो सेन्सर, ढिलं होतं ते टर्मिनल.

एक मशीन दिवसातून दोन-तीनदा थांबायचं. अलार्म एकच, ‘सिलिंडर पुढे गेला नाही’. हवेच्या दाबाने सरकणारा तो सिलिंडर तर डोळ्यांदेखत पुढे गेलेला! प्रोग्रामरने टायमर वाढवून पाहिला. रीड स्विचची (सिलिंडर पुढे पोचल्याचं कळवणाऱ्या सेन्सरची) केबल मीच मीटर लावून तपासली होती आणि ‘केबल ठीक आहे’ असं छातीठोक सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी पॅनेल उघडून पीएलसीच्या इनपुट कार्डावर त्या स्विचचा सिग्नल दाखवणाऱ्या एका हिरव्या दिव्यासमोर बसलो आणि जोडीदाराला म्हटलं, मशीनचा हात हळूहळू सरकव. मध्ये एकाच जागी दिवा लुकलुकला. केबल तिला धरून हलणाऱ्या साखळीत (केबल चेनमध्ये) जिथे वाकते, तिथे आतलं तांबं तुटलं होतं. वरचं आवरण शाबूत. केबल सरळ असली की टोकं टेकायची, वाकली की सुटायची. मी तपासली तेव्हा ती सरळ होती.

वायर कधी ना कधी तुटणारच, हे या धंद्याने केव्हाच मान्य केलंय. पातळीसारखं काही मोजणाऱ्या सेन्सरचा सिग्नल बहुधा 4 ते 20 मिलिअँपिअर असतो, तो यासाठीही. टाकी रिकामी असेल तर 4 दिसतात, वायर तुटली तर 0. शून्यालाच शून्य धरलं असतं, तर रिकामी टाकी आणि तुटलेली वायर सारखीच दिसली असती. इमर्जन्सी स्टॉपचा काँटॅक्टही एरवी बंद म्हणजे जोडलेला असतो. वायर निघाली तर मशीन थांबतं, बटण निकामी होऊन चालू राहत नाही. कोर्स घ्याच, पण तिथे या ‘का’चं उत्तर मिळतं का, ते आधी विचारा.

आणखी एक, जे कुणी विचारत नाही. उत्पादन अडलेलं असताना कुणीतरी हळूच म्हणेल, ‘गार्डच्या स्विचला जंपर मार, नंतर बघू.’ म्हणजे सुरक्षेच्या झडपेचा स्विच वायर जोडून निकामी कर. नाही म्हणायला शिका. मेन बंद करून स्वतःचं कुलूप लावलं, तरी सिलिंडरमध्ये हवा कोंडलेली असते; ती सोडल्याशिवाय आत हात घालू नका. मी एकदा घातला होता. बोट वाचलं, नख गेलं.

तर आधी एक मल्टिमीटर घ्या, 24 व्होल्टचा सप्लाय आणि दोन रिले घ्या, आणि एक सर्किट स्वतः काढून जोडा. पीएलसी कुठलं, ते तुमच्या वाट्याला येणारं पहिलं मशीन ठरवेल.