शेजारी कोण, हे मास्क ठरवतो

हिशेब विभागातून फोन आला की कुणालाच प्रिंट काढता येत नाहीये. प्रिंटर त्यांच्या भिंतीला लागूनच असलेल्या खोलीत होता. दिवा हिरवा, कागद भरलेला, शाई ठीक. आणि त्याच प्रिंटरवर मागच्या इमारतीतले लोक सकाळपासून बिनतक्रार छापत होते. माझ्याबरोबर नुकतीच कामाला लागलेली एक मुलगी होती. ती म्हणाली, "मॅडम, जवळच्यांना जमत नाही आणि लांबच्यांना जमतंय, असं कसं होईल?"

हा प्रश्न ज्याला सोडवता आला त्याला सबनेट (मोठ्या नेटवर्कचा वेगळा काढलेला तुकडा) समजलं, असं मी मानते. म्हणून तिला लगेच उत्तर दिलं नाही. कागद-पेन्सिल घेऊन आम्ही दोघी प्रिंटरशेजारीच बसलो.

आदल्या आठवड्यात आम्ही नेटवर्कची विभागणी केली होती. आधी १९२.१६८.१०.० हा पत्त्यांचा सगळा पट्टा एकच होता, मास्क (पत्त्यातला नेटवर्कचा भाग कुठे संपतो ते सांगणारा आकडा) २५५.२५५.२५५.०, म्हणजे स्लॅश २४. यंत्रं वाढत गेली तसे ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांना एकदम मारलेल्या हाका, वाढले, आणि हिशेब विभाग बाकीच्यांपासून वेगळाही हवा होता. म्हणून त्या पट्ट्याचे चार तुकडे केले, प्रत्येक स्लॅश २६. हिशेब विभागाला ० ते ६३ (पत्त्याचा शेवटचा आकडा) हा तुकडा दिला, त्यापुढचा ६४ ते १२७ हा दुसरा, त्यात प्रिंटरचा पत्ता ७०. एका तुकड्यात ६४ पत्ते असतात. पहिला त्या नेटवर्कचा स्वतःचा, शेवटचा ब्रॉडकास्टचा, म्हणून यंत्रांना ६२ उरतात. मागच्या इमारतीचा पट्टा अगदीच निराळा, १९२.१६८.२०.०.

आयपी पत्ता म्हणजे ३२ बिटांचा एक सलग आकडा. मधली टिंबं आपल्या डोळ्यांच्या सोयीसाठी असतात, यंत्राला ती दिसतही नाहीत. त्या ३२ पैकी डावीकडचे काही बिट नेटवर्कचे आणि उरलेले यंत्राचे. रेघ कुठे मारायची ते मास्क सांगतो. स्लॅश २६ म्हणजे रेघ सव्विसाव्या बिटानंतर. एवढं तिला येत होतं. शिकवतात तेव्हा यानंतर लगेच "होस्ट, म्हणजे यंत्रं, किती मावतील" याची गणितं सुरू होतात आणि मुलं दोनाचा घात करून त्यातून दोन वजा करत राहतात. ती गणितं लागतातच, पण यंत्र मास्क वापरतं ते यंत्रं मोजायला नाही. पॅकेट, म्हणजे माहितीचं पाकीट, पाठवायच्या आधी त्याला एकच गोष्ट ठरवायची असते : समोरचा माझ्याच सबनेटमध्ये आहे की बाहेर? आत असेल तर एआरपीने सबनेटमधल्या सगळ्यांना हाक मारायची, "हा पत्ता कुणाचा आहे?", आणि ज्याचं उत्तर येईल त्याला पॅकेट थेट द्यायचं. बाहेर असेल तर गेटवेच्या, म्हणजे सबनेटबाहेर नेणाऱ्या राउटरच्या, हवाली करायचं.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. मास्क पॅकेटमधून जात नाही. आयपी हेडरमध्ये पाठवणाऱ्याचा पत्ता असतो, घेणाऱ्याचा असतो, मास्कला जागाच नाही. म्हणजे प्रत्येक यंत्र स्वतःच्या मास्कवरून स्वतःपुरता निर्णय घेतं. "अ"ला "ब" परका वाटत असतानाच "ब"ला "अ" शेजारी वाटू शकतो.

हिशेब विभागातला एक संगणक घेतला, पत्ता २०, मास्क २५५.२५५.२५५.१९२, म्हणजे स्लॅश २६. कागदावर शेवटचाच आकडा मांडला, कारण आधीचे तीन सारखेच.

७० म्हणजे ०१०००११०
१९२ म्हणजे ११००००००

जिथे दोन्हीकडे १ तिथेच १ ठेवायचा, की ०१०००००० उरतं, म्हणजे ६४. तेच २० चं केलं की ० येतं. ६४ आणि ० वेगळे, म्हणून संगणकाने प्रिंटरला परका ठरवलं, पॅकेट गेटवेकडे दिलं आणि राउटरने ते प्रिंटरपर्यंत पोचवलंही. इथपर्यंत सगळं बरोबर.

मग प्रिंटरच्या पडद्यावर नेटवर्कची सेटिंग उघडली. गेटवे नवा, ६५, बरोबर भरलेला. मास्क मात्र जुनाच, २५५.२५५.२५५.०. त्या मास्कने ७० चंही ० येतं आणि २० चंही ०. त्यामुळे प्रिंटरच्या लेखी २० हा शेजारी. उत्तर गेटवेकडे न देता तो आपल्याच तुकड्यात एआरपीची हाक मारत बसला. २० त्या तुकड्यात नाहीच, आणि ब्रॉडकास्ट राउटर ओलांडत नाही. हाकेला ओ देणारं कुणी नव्हतं.

मागच्या इमारतीचं कोडं मग तिनेच सोडवलं. "तिकडचा तिसरा आकडा २० आहे, इथला १०. जुन्या मास्कनेही ते परकेच! म्हणून त्यांचं उत्तर गेटवेकडून नीट जातं." तिच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून मला माझे सुरुवातीचे दिवस आठवले. हे असं उलगडतं तेव्हाची मजा अजूनही कमी झालेली नाही. (आमच्या राउटरवर प्रॉक्सी एआरपी बंद होतं. चालू असतं तर राउटरनेच २० च्या वतीने उत्तर दिलं असतं आणि चूक झाकली गेली असती.)

जाता जाता तिने विचारलं, स्लॅश २४ ला सगळे "क्लास सी" का म्हणतात? जुनी सवय, दुसरं काही नाही. १९८१ च्या आयपीच्या व्याख्येत रेघ मारायच्या जागा ठरलेल्या होत्या. क्लास सीमध्ये २५४ यंत्रं, क्लास बीमध्ये एकदम ६५,५३४. ज्याला दोन हजार हवेत त्याने काय करायचं? पत्ते वाया जायचे. १९९३ मध्ये सीआयडीआर, म्हणजे क्लास न मानता पत्ते वाटायची पद्धत, आलं, तेव्हापासून रेघ कुठल्याही बिटावर मारता येते. नवशिक्यांना क्लासपासून शिकवणं आता थांबवायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रिंटरचा मास्क बदलला, तो पुन्हा सुरू केला, आणि हिशेब विभागाचे अडकलेले कागद एकामागून एक बाहेर यायला लागले.

संध्याकाळी त्या तुकड्यातल्या बाकीच्या यंत्रांचे मास्कही आम्ही तपासले. हजेरीच्या यंत्राचा पत्ता ९० आणि मास्क २५५.२५५.२५५.२२४ निघाला, म्हणजे गरजेपेक्षा अरुंद. त्याच्या दृष्टीने सबनेट ९५ ला संपतं. तरी कुणाची तक्रार नव्हती, कारण १०० नंबरच्या शेजाऱ्याला परका समजून ते उत्तर ६५ च्या गेटवेकडे देत होतं आणि राउटर ते त्याच तारेने परत १०० कडे सोडत होता. रुंद मास्कने काम अडतं म्हणून लगेच ओरड होते, अरुंद मास्कची चूक अशी आतल्या आत चालत राहते. तो मास्क तिने स्वतः बदलला, आणि वहीत ९० आणि १०० हे दोन्ही आकडे बिटांत मांडून ठेवले.