कर्ता घरी नाही

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या व्हिटबीची एकोणिसाव्या शतकातली जनगणनेची पाने चाळली की वाटते, या गावात बायकाच फार. पहिल्या ओळीत कुटुंबप्रमुख असायला हवा, तिथे ‘खलाशाची पत्नी’. खाली तीन-चार मुले, एखादी म्हातारी आई. नवरा मेलेला नाही, पळालेलाही नाही. ही गणती एका ठरावीक रात्री घरात कोण होते त्याची, आणि त्या रात्री तो न्यूकॅसलचा कोळसा घेऊन लंडनच्या वाटेवर आहे.

घराणे शोधणारे सहसा पुरुषाचे नाव धरून मागे जातात. व्हिटबीत धागा बाईचा धरावा. ती जागेवर सापडते.

सुरुवात १८५१च्या जनगणनेपासून केलेली बरी. १८४१ची फार मोघम आहे. पंधराच्या वरचे वय पाचाच्या पटीत खाली ओढलेले, म्हणजे ३९ वर्षांची बाई ३५ची होऊन बसते. नाते लिहिलेले नाही, आणि जन्मगावाच्या जागी ‘याच काउंटीतला का’ एवढ्याचेच उत्तर. १८५१पासून नाते, वय आणि जन्माचे गाव नीट मिळते. मग मुलाचा जन्मदाखला मागवावा, कारण त्यावर आईचे माहेरचे आडनाव असते. दाखले जुलै १८३७पासूनचे आहेत. त्यांची सूची तिमाहीवार लावलेली आहे, पण ती तिमाही नोंदणीची, जन्माची नव्हे. नोंदवायला ४२ दिवसांची मुदत असे, त्यामुळे डिसेंबरातले बाळ पुढल्या वर्षीच्या पहिल्या तिमाहीत निघते. निम्मे लोक इथेच हात टेकतात. १८५२पासून सूचीत व्हिटबीच्या नोंदींपुढे खंडाचा क्रमांक ‘९डी’ असतो, एवढे लक्षात ठेवले तरी दूरच्या भलत्या भागातला नामसाधर्म्याचा माणूस गळ्यात पडत नाही.

त्याहून मागे चर्चच्या नोंदवह्या. १८१३पासून बाप्तिस्म्याचे छापील रकाने आले आणि त्यात बापाचा धंदा लिहू लागले. त्याआधी बहुधा ‘जॉनचा मुलगा जॉन’, संपले. शेजारच्या रॉबिन हुड्स बेमध्ये स्टॉर्म आणि स्टेथ्समध्ये व्हेरिल ही आडनावे इतकी दाट की धंद्याचा रकानाही उपयोगी पडत नाही. सगळेच मच्छीमार! तिथे पुन्हा बायकोचे नावच दोन जॉन वेगळे करते.

१९९ पायऱ्या चढून सेंट मेरीच्या आवारात गेले तर थडग्यांचे दगड आहेत खरे, पण वाचता येतीलच असे नाही. दगड वालुकाश्माचा. खारा वारा मुरतो, मिठाचे स्फटिक होतात आणि वरचा थर पापुद्र्यासारखा सुटतो, अक्षरांसकट. खडू फासू नये, तारेचा ब्रश तर मुळीच नको. बॅटरी बाजूने, दगडाला जवळजवळ टेकवून धरली की उरलेल्या खाचांत सावली भरते आणि तारीख उमटते. हा खटाटोप करावा, कारण समुद्रात बुडालेल्याचे नाव घरच्यांच्या दगडावर कोरत. प्रेत न मिळाल्यामुळे दफनाच्या वहीत मात्र तो नसतो.

९ फेब्रुवारी १८६१ला वादळात जहाजे एकामागून एक किनाऱ्यावर येऊन आदळत होती. दिवसभर माणसे वाचवणारी लाइफबोट शेवटच्या फेरीत उलटली. तेरांपैकी बारा गेले. बुचाचे नवे जीवरक्षक जाकीट घातलेला हेन्री फ्रीमन तेवढा वाचला. जनगणना ७ एप्रिलची. गणती करणारा त्या बारा जणांच्या दारांशी पोचला तो जेमतेम दोन महिन्यांनी.

१९२१ची जनगणना वाचताना मात्र उलटा गोंधळ. ती एप्रिलात व्हायची ती संपांच्या धामधुमीमुळे १९ जूनला गेली, आणि किनाऱ्यावरच्या गावांत सुट्टीचे पाहुणे मोजले गेले. तेव्हा नात्याच्या रकान्यात ‘पाहुणा’ किंवा ‘भाडेकरू’ दिसला तर त्याला लगेच वंशवृक्षात टांगू नये.

आणि तो कोळशाच्या जहाजावरचा नवरा? १८६१पासून जहाजांचीही जनगणना-पत्रके आहेत, पण खरा माल खलाशांच्या करारपत्रांत आहे. १८६३नंतरची बहुतेक करारपत्रे आज कॅनडात, न्यूफाउंडलंडच्या विद्यापीठात आहेत. १८६५, १८७५ अशी पाचाने संपणारी वर्षे बरीचशी ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात. ती खलाशाच्या नावाने लावलेली नाहीत, जहाजाच्या अधिकृत क्रमांकाने लावलेली आहेत, म्हणून आधी जहाज कळायला हवे. एक पान हाती आले की पुढचे सोपे: त्यात वय आणि जन्मगावाबरोबर आधीच्या जहाजाचे नावही लिहिलेले असते. त्यावरून मागचे जहाज, त्याच्या करारावरून त्याच्याही मागचे. वयावर मात्र विसंबू नये. दोन फेऱ्यांत माणूस चार वर्षांनी तरुण झालेला आढळतो.